तोचिओनेचं पाचवं घर

तोचिओने वाडी, ओकुसे गाव, इवाने तालुका
४ ऑक्टोबर २००८

चि. शिगेयुकीस,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन शब्द लिहायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून लिहिते : ओढ्याकाठची झाडं लालबुंद झाली आहेत, आणि मीही.

काल घरोघरी सूचना नेणाऱ्या फिरत्या पाटीला अडकून तुमच्या कचेरीचं रंगीत पत्रक दारात आलं. 'ओळख आपल्या तालुक्याची'. चार घड्यांचं आणि इतकं गुळगुळीत की चूल पेटवायलाही उपयोगाचं नाही. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. क्षेत्रफळ ३७१.२४ चौरस किलोमीटर, त्यातलं त्र्याण्णव टक्के जंगल. लोकसंख्या २,९४६. दर चौरस किलोमीटरला ७.९ माणसं. सर्वांत उंच शिखर मात्सुबोरा, १,८६४ मीटर. मुख्य नदी ओकुसे. आणि मग हे वाक्य : 'नदीकाठची सर्वांत वरची वस्ती शिमोहारा.'

शिगे, शिमोहारा माझ्या दारापासून पाच किलोमीटर खाली आहे. मग मी राहते कुठे?

नकाशा उलटासुलटा करून पाहिला. शिमोहाराच्या पुलापर्यंत रस्ता जाड आणि लाल. पुलापलीकडे नुसती टिंबं, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'डिसेंबर ते एप्रिल बंद'. टिंबांच्या टोकाला हिरवा रंग. म्हणजे मी जंगल. त्र्याण्णव टक्क्यांत धरलं मला. आणि आठ माणसांतलं ते पॉइंट एक कुठे गळालं, तेही समजलं.

मी एकतीस वर्षं तोचिओनेचं पोस्ट चालवलं. या तालुक्यात कुणाच्या दाराला कुत्रा आहे आणि कुणाच्या दाराला सासू, हे मला नकाशाशिवाय ठाऊक होतं. तेव्हा तालुक्यात पाच गावं होती. तीन वर्षांपूर्वी चार गावं उठून तोमिनो शहरात शिरली, उरलं एकटं ओकुसे. एका गावाचा तालुका! त्याला ना कचेरी, ना शिक्का, ना साहेब. पत्त्यात लिहायचं एक नाव, एवढाच त्याचा संसार. तेवढाही तुम्हाला धड मांडता येऊ नये?

आता मुद्द्याचं. रस्ता हिवाळ्यात बंद, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणारी बर्फगाडी वर येणार नाही. चार महिने साडेतीन मीटर बर्फ. आम्ही खाली जाऊन राहायचं आणि इकडे छपरावरचा बर्फ काढायला कुणी नाही. रिकाम्या घराचं छप्पर एका हिवाळ्यात जमिनीला टेकतं, हे तुझ्या कचेरीतल्या पोरांना माहीत नसेल, तुला आहे. ही एका हिवाळ्याची गोष्ट नव्हे. एप्रिलमध्ये परत यायला वाडीच उरणार नाही.

वाडीत पाच घरं आहेत. मोज. मी. गेन्पाची म्हातारा. एका छपराखाली दोन शेगड्या मांडून बसलेले कुनिमात्सु बंधू. सेत्सु. आणि पाचवं तुझं, माझ्या बहिणीचं. जिथे तू जन्मलास ती जागा तुझ्याच कचेरीने पुसली आणि तू रस्ते विभागात बसून काय करत होतास?

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि मला गाणं ऐकवत ठेवतोस. पत्रावर आवक शिक्का बसतो. उत्तर लेखी हवं.

तुझी मावशी,
तोवा


ओकुसे गाव कचेरी, रस्ते विभाग
१५ ऑक्टोबर २००८

विषय : माहितीपत्रकातील मजकुराबाबत

महोदया,

आपले दि. ४ चे पत्र या विभागास प्राप्त झाले. आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल विभाग आपला आभारी आहे. या वर्षीच्या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या नियमानुसार, किमान पाच नोंदणीकृत कुटुंबे असलेल्या वस्तीपर्यंतच हिवाळ्यात रस्ता मोकळा ठेवण्यात येतो. दि. १ एप्रिलच्या नोंदवहीनुसार तोचिओने येथे चार कुटुंबे आहेत. पत्रकातील मजकूर त्यानुसार आहे. कोणत्या कुटुंबाची नोंद कमी झाली, ही माहिती खाजगी असल्याने देता येत नाही. रहिवाशांसाठी जुन्या शाळेच्या इमारतीत हिवाळी निवासाची सोय करण्यात आली आहे, तिचा लाभ घ्यावा ही विनंती.

आपला नम्र,
शि. ओनुमा

(मागच्या बाजूला, हाताने)

मावशी, रागावू नकोस. वरचं लिहावं लागतं. हिवाळी निवास खरंच वाईट नाही. खोल्या उबदार आहेत, गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. दोन तारखेला वाडीच्या रस्त्याच्या श्रमदानाला नेहमीप्रमाणे येतोच आहे, तेव्हा बोलू. — शिगे


तोचिओने
३ नोव्हेंबर २००८

चि. शिगेयुकीस,

'महोदया'! तुझं नाक मी या बाहीने पुसलंय, आणि मी महोदया! तुझ्या त्या कुंडात तुझ्या साहेबांना बसव आणि झाकण लाव.

काल तू इथेच होतास, तरी लिहिते, कारण तू दिवसभर मान खाली घालून गटार उपसत होतास. एवढं स्वच्छ गटार वाडीने कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा जे घडलं ते तुझ्या कानापर्यंत आलं नसेल तर वाचून घे.

चार घरं कशी, याचा मी पंधरा दिवस विचार केला. पाचातलं कोण गेलं? गेन्पाची पूल ओलांडतो तो फक्त मर्तिकाला, आणि तिथूनही जेवणाआधी परततो. कुनिमात्सु भाऊ गेले असते तर दोघं दोन दिशांना गेले असते. आणि तू तर दर वर्षी रस्त्याच्या कामाला फावडं घेऊन हजर. ज्या घरातून कामाला माणूस येतो ते घर वाडीचं, ही आपली मोजणी माझ्या आजेसासऱ्यापासूनची. राहिली सेत्सु. मार्चपासून मेपर्यंत गुडघ्याचं निमित्त करून तोमिनोला लेकीकडे होती. शहराच्या दवाखान्यात सोयीचं पडावं म्हणून रहिवासाचा कागद तिकडे हलवला, आणि आल्यावर तोंडातून अवाक्षर नाही!

मी पोटात ठेवणारी नव्हे. नाश्त्याला सगळे दरडीखाली बसले होते, तिथेच विचारलं.

"सेत्सु, गुडघा बरा झाला, पण कागद कुठे विसरलीस?"

"कसला कागद?"

"रहिवासाचा. तुझ्या एका कागदापायी आम्हा सगळ्यांना शाळेच्या वर्गात नेऊन कोंबणार आहेत."

"माझा कागद माझ्या घरी आहे."

"मग दाखव."

"तुला? तुझं पोस्ट बंद होऊन अठरा वर्षं झाली तोवा, अजून लोकांची पाकिटं उघडायची सवय गेली नाही का?"

कुनिमात्सुतला धाकटा फिस्सकन हसला. थोरला हसणार होता, पण धाकट्याला आधी हसताना पाहून गप्प बसला. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "जी वाडी सोडून गेली तिने वाडीचा भात खाऊ नये." तिने हातातला भाताचा मुटका कागदात परत गुंडाळला, कोयता उचलला आणि लंगडत निघून गेली. पुढचा उतार तिच्या वाट्याचा होता, तो तू साफ केलास. कुणी सांगितलं नव्हतं.

आजपासून फिरती पाटी तिचं दार सोडून पुढे जाईल. ती शहरवासी आहे, तिने शहराच्या सूचना वाचाव्यात.

तू माझा भाचा आहेस, नियम करणाऱ्यांच्या शेजारी बसतोस. तिला कागद परत आणायला लावण्याचा काही मार्ग असेल तर कळव.

मावशी


ओकुसे
९ नोव्हेंबर २००८

ती. मावशीस सा. न.

सेत्सुकाकूंना काही बोलू नकोस. त्यांचा कागद हललेला नाही. हे सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. पाटी त्यांच्या दारी जाऊ दे.

कुणाचा हललाय ते विचारू नकोस. नोंदवही १ डिसेंबरला पुन्हा पाहतात, एवढं लिहितो. त्या दिवशी पाच भरली तर गाडी वर येईल. मी मार्ग शोधतोय. तोपर्यंत वाडीत भांडणं नकोत. बर्फ अडवायला छपराखालच्या आडव्या फळ्या लावून घेतल्यास का? नसतील तर येऊन लावतो.

शिगे


तोचिओने
१६ नोव्हेंबर २००८

शिगेयुकी,

'चिरंजीव' मुद्दाम लिहिलं नाही. पुढे वाचलंस की कळेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चष्मा पुसून घराबाहेर पडले. कागद दाखवा म्हटलं तर कोण दाखवणार? पण म्हाताऱ्यांच्या खिशात एक वस्तू असतेच, आरोग्य विम्याचं कार्ड, आणि त्यावर पत्ता असतो. म्हटलं, कार्डं पाहू.

गेन्पाची म्हणाला, "पत्त्याचा पुरावा? माझा जन्म या चटईवर झाला. चटई दाखवू?"

"कार्ड दाखव."

"चटई जुनी आहे, तिच्यावर माझा भरवसा जास्त." पण दाखवलं. तोचिओने.

कुनिमात्सु थोरल्याने दाखवलं. धाकटा म्हणाला, "त्याने दाखवलं ना, मग मी दाखवणार नाही." थोरल्याने भावाच्या उशीखालून काढून दिलं. तोचिओने आणि तोचिओने. एक घर.

मग सेत्सुचं दार. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा म्हटलं, "सेत्सु, मी जाणार नाही, उभी राहीन." दाराच्या फटीतून कार्ड बाहेर आलं. मी वाचलं. हात लावणार तोच परत आत गेलं. तोचिओने.

माझं माझ्याकडे आहेच. चार झाली. पाचातून चार वजा करायला पोस्टातली एकतीस वर्षं लागत नाहीत.

मी तिला भात खाऊ नको म्हटलं, तेव्हा तू तिच्यापासून दोन हातांवर उभा होतास. तुझ्या तोंडाला कुलूप होतं की त्यातही गटारातला गाळ होता? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने बावन्न वर्षं शेजारी राहिलेल्या बाईला चोर ठरवलं, आणि चोर शेजारी उभा राहून पालापाचोळा गोळा करत होता! वर सरकारी कागदावर मला लिहितोस, 'ही माहिती खाजगी आहे'! खाजगीच ती. अगदी घरगुती!

मला कारण नको. कारणं सगळ्यांकडे असतात. तरी लिही, कारण मी वाचल्याशिवाय राहणार नाही.

तोवा


तोमिनो शहर
२१ नोव्हेंबर २००८

ती. मावशी,

हे घरून लिहितोय, कचेरीच्या कागदावर नाही.

हो, मीच. मार्चमध्ये हलवला. आमची मिहो एप्रिलमध्ये माध्यमिक शाळेत जाणार होती. तोमिनोच्या शाळेत वाद्यवृंद आहे. पत्ता शहराचा नसेल तर प्रवेश नाही. नात्सुए म्हणाली, "सहा वर्षं आपण इथेच राहतोय. इथे खातो, इथे झोपतो, आणि पोरीला पत्ता मात्र अस्वलांच्या रानातला?" मिहो आता टुबा हा पितळी कर्णा वाजवते. तिच्याहून मोठा आहे तो.

तुला राग येईल, पण लिहितो. पाचवं घर सहा वर्षं रिकामंच होतं, मावशी. कागद सहा वर्षं खोटं बोलत होता. मी तो खरा केला, आणि त्या खऱ्या कागदाने वाडी बुडवली.

याहून वाईट आहे ते आता. नियमातला 'पाच' हा आकडा माझा आहे. फेब्रुवारीच्या बैठकीत साहेब म्हणत होते, दहा घरं असतील तिथपर्यंतच गाडी पाठवू. मी तास-दीड तास भांडलो. सांगितलं, माणसं राहतात तिथे, त्यांची छपरं आहेत, दहा हा आकडा तुम्ही कुठून काढलात? शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मग ओनुमा, तूच सांग किती." मी डोळे मिटून आपली घरं मोजली. तू, गेन्पाचीबुवा, कुनिमात्सु, सेत्सुकाकू आणि मी. पाच! मी म्हटलं पाच. झटक्यात मंजूर झालं. त्या दिवशी मी घरी माशाची थाळी घेऊन गेलो.

महिन्याभराने तोमिनोच्या खिडकीवर जाऊन कागद हलवला. तेव्हाही मी स्वतःला वाडीचा एक मोजत होतो. रस्त्याच्या कामाला जातो ना मी? वाडीची मोजणी आणि वहीची मोजणी वेगळी आहे हे रस्ते विभागातल्या माणसाच्या ध्यानात आलं ते ऑगस्टमध्ये, पत्रकाचं प्रूफ टेबलावर पडलं तेव्हा. 'सर्वांत वरची वस्ती शिमोहारा.' मी चूक म्हणून तांबड्या शाईने वर्तुळ काढलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वही उघडून दाखवली. मी वर्तुळ खोडलं.

दरडीखाली त्या दिवशी मी बोलायला तोंड उघडलं होतं. दोनदा. मग तू भाताचं बोललीस आणि काकू उठल्या. त्यानंतर जे उरलं ते मी फावड्याने केलं. त्याला भित्रेपणा म्हणतात, मला ठाऊक आहे.

आता अडचण अशी. नुसता माझा एकट्याचा कागद परत आणला तर मिहोची शाळा सुटत नाही, आईचा पत्ता शहराचा राहतो. पण जिथे राहत नाही तिथे नोंद करणं गुन्हा आहे, आणि मी त्या वहीच्या शेजारी बसतो. काय करू ते कळत नाही.

शिगेयुकी


तोचिओने
२४ नोव्हेंबर २००८

चि. शिगेस,

कळत नाही? चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला मावशीने सांगावं लागतं? कागद खोटा होऊ नये असं वाटतं ना, मग कागदाबरोबर तूही ये. राहा इथे. झोप इथे. सकाळी बावीस किलोमीटर खाली कचेरीत जा, संध्याकाळी वर ये. बर्फगाडी पुढे आणि तू तिच्या मागे. तूच ठरवलेल्या नियमाच्या मागून तूच गाडी चालवत येशील, त्यात थोडी शिक्षाही झाली. शनिवार-रविवार बायको-पोरीकडे जा. मी काही राक्षसीण नाही.

तुझ्या आईच्या घरातल्या उंदरांना मी सांगितलंय की मालक येतोय. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

आणि ऐक. पाच आकडा तू भांडून आणलास हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल तुला शाबासकी देणार होते, पण पुढचं वाचून मागे घेतली. शिल्लक ठेवलीय. हिवाळा नीट काढलास तर देईन.

सेत्सुला काय म्हणायचं ते मी बघते. त्यात तू पडू नकोस. पाटी मी स्वतः तिच्या दारी नेली होती. तिने वाचल्याची मोहोर उमटवली आणि पाटी थेट गेन्पाचीकडे पोचवली. माझ्या दारावरून गेली, थांबली नाही.

मावशी


ओकुसे
२७ नोव्हेंबर २००८

ती. मावशी,

काल कागद हलवला. नात्सुएला भीत भीत सांगितलं. ती स्वयंपाक करत होती, वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "जा. निदान पाच दिवस तुझे मोजे शोधावे लागणार नाहीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तिथे जाड गादी आहे का?" मिहो म्हणते टुबाचा सराव वर येऊन करीन, शहरात शेजारी तक्रार करतात. गेन्पाचीबुवांना आधीच सांगून ठेव.

शनिवारी सामान घेऊन येतो.

पण दुसरी गोष्ट लिहायची आहे. आज सकाळी कचेरीसमोरच्या बसथांब्यावर सेत्सुकाकू उभ्या होत्या. हातात मोठी बॅग, पायाशी मांजराची पेटी. मी पळत गेलो. म्हटलं, "काकू, चूक माझी होती. कागद माझा हलला होता." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. गटारात मान घालून उभा होतास तेव्हाच कळलं." मी विचारलं कुठे निघालात. म्हणाल्या, "लेकीकडे. तुझी मावशी सगळ्यांसमोर म्हणाली ना, मी वाडी सोडून गेले? मग जाऊन बघते कसं वाटतं." बस आली. मी बॅग चढवून दिली. मांजराने माझ्याकडे पाहिलं, काकूंनी नाही.

त्या तोमिनोत कागद हलवतील का, ते मला विचारता येत नाही, आणि तिकडची नोंद इकडे कळायला आठवडा लागतो, पण धरली जाते तिच्याच तारखेपासून. सोमवारी एक तारीख. मी धरून पाच होतात. त्या गेल्या तर पुन्हा चार.

शिगे


तोचिओने
२८ नोव्हेंबर २००८
(जलद टपाल)

प्रिय सेत्सु,

ऋतूबद्दल लिहायचं तर पहिला बर्फ पडला. तुझ्या दारात पावलांच्या खुणा नाहीत.

शिगेकडून पत्ता घेतला नाही. तुझ्या लेकीचा पत्ता मला पाठ आहे. तिच्या लग्नानंतर दर पंधरा दिवसांनी तू तिला वाळवलेल्या भाजीचं पार्सल पाठवायचीस आणि दर वेळी माझ्या काट्यावर वजन जास्त भरायचं. मग तू एक मूठ काढून मला द्यायचीस. ती भाजी मी पोस्ट बंद होईपर्यंत खाल्ली. आणि परवा मी तुला भात खाऊ नको म्हणाले.

माफी कशी लिहितात ते मला येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माफ्या पोचवल्या, स्वतःची कधी टाकली नाही. तेव्हा सरळ लिहिते. मी चुकले. विचारायच्या आधी ठरवलं, ठरवल्यावर सगळ्यांसमोर बोलले, आणि बोलल्यावर पटलं की मी बरोबरच असणार, कारण मी एवढ्या मोठ्याने बोलले होते. दोन आठवडे मला कचेरीचा राग, नियमाचा राग, पत्रकाचा राग, शिगेचा राग. मी एवढी संतापलेली होते की मला वाटलं, चूक असलेली माणसं एवढी संतापत नसतील. संतापतात. मी दाखला आहे.

तुझा नवरा तोक्योच्या बांधकामावर पडून गेला तेव्हा तार मी आणली होती. कमरेएवढ्या बर्फातून चालत आले आणि तुझ्या दारात तार पुढे केली. तू तार वाचलीस, आणि मला म्हणालीस, "आधी बूट काढ, पाय भिजलेत तुझे." तुझ्या घरात तेव्हा मी शेगडीशी बसले होते आणि तू मला चहा करत होतीस. असल्या बाईला मी वाडी सोडून गेलेली म्हणाले. मला स्वतःचाच संताप येतोय आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही, कारण इथे आता गेन्पाची आणि ते दोघं भाऊ एवढेच आहेत, आणि ते माझं ऐकूनच घेत नाहीत.

सोमवारी मोजणी आहे. तुझा कागद कुठे आहे ते मी विचारणार नाही. परत ये असं लिहायला पेन तीनदा टेकवलं आणि तीनदा उचललं. तसं लिहिलं तर ती माफी राहत नाही, अर्ज होतो. हा अर्ज नाही. गाडी आली नाही तर मी खाली शाळेत जाईन आणि त्या कुंडात बसेन. ते माझ्या तोंडाचं फळ असेल, नियमाचं नाही.

तुझ्या छपराची काळजी करू नको. तू कुठेही असलीस तरी ते मी टेकू देणार नाही. मला शिडी चढता येते.

तोवा


(पोस्टकार्ड)
तोमिनो
३० नोव्हेंबर २००८

तोवा,

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिडी चढू नको. शिगेयुकीला चढव, त्याला प्रायश्चित्त हवंच आहे.

कागद मी हलवलेला नाही. तुझ्यासाठी नाही, गाडीसाठी नाही. ते माझं घर आहे म्हणून. लेक रोज सांगते, इथेच राहा. मांजर दिवसभर खिडकीत बसून मोटारींवर गुरगुरतं. मीही. उद्या मोजू देत, पाच आहेत.

तुझं पत्र पोचलं. लेकीला वाचून दाखवलं, ती रडली. मी नाही. तू मला भर रस्त्यात सगळ्यांसमोर बोललीस, आणि माफी पाकिटात बंद करून, तिकीट लावून पाठवतेस? पोस्टातली बाई ती पोस्टातलीच. तो हिशेब असा मिटत नाही.

पहिली बर्फगाडी वर येते त्या दिवशी सगळी वाडी रस्त्यावर उभी असते. मी त्याच गाडीमागच्या बसने येते. उतरले की तिथेच बोल, गेन्पाची, ते दोघं भाऊ आणि तुझा भाचा ऐकतील असं. मोठ्याने बोल. यंत्राचा आवाज फार असतो, आणि ऐकू आलं नाही तर मी पुन्हा म्हणायला लावीन.

सेत्सु